मरुभूमींतील एक पहाट

उन्हाळ्यांत लोक थंड हवेच्या ठिकाणीं जातात. आम्ही उभयतां यंदा ऐन वैशाखांत जैसलमेरास गेलों. ही वार्ता कळतांच आमच्या आळींतील एका स्नेह्यांनीं, "मास्तर, पेन्शन सुरू झाली म्हणून बुद्धि बंद करावी लागते कीं काय?" असा प्रश्न केला, आणि खरें सांगावयाचें तर त्यांस देण्यासारखें समर्पक उत्तर माझ्यापाशींहि नव्हतें. आमची धाकटी कन्या तेथें असते. तिचे यजमान पवनचक्क्यांची वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या कामावर अभियंते आहेत. तिला चैत्रांत पुत्र झाला, बारशाला आजीआजोबा हवेत असा निरोप आला, आणि मुलीच्या निरोपापुढें पंचांगांतला महिना कोण पाहतो? सौभाग्यवतीनें बाळंतविडा बांधला, मेतकुटाची बरणी घेतली. मीं डोक्यास गुंडाळावयास एक जुनें पांढरें उपरणें घेतलें. एवढ्या सामग्रीवर आम्ही मारवाडांत उतरलों.

जोधपूर सोडल्यावर आगगाडीच्या खिडकीच्या गजाला हात लावण्याची सोय राहिली नाहीं. वाटेंत फलोदी म्हणून स्टेशन लागतें. १९ मे २०१६ रोजीं या गांवीं ५१ अंश उष्णतेची नोंद झाली होती, ही माहिती शेजारच्या एका प्रवाशानें आम्हांस मोठ्या अभिमानानें दिली. आपल्याकडे कोणी आपल्या गांवच्या देवळाचा कळस दाखवावा तसा तो तो आंकडा दाखवीत होता. बाहेर पाहावें तों खुरटीं झुडपें, वाळू आणि पुन्हा वाळू. मीं मनांत म्हटलें, आपण मुलांना सांगत होतों तें कांहीं खोटें नव्हतें.

काय सांगत होतों, तें येथें सांगितलें पाहिजे. संस्कृताच्या तासाला 'मरु' हा शब्द आला म्हणजे मीं तीस वर्षें एकच व्युत्पत्ति सांगितली. 'मृ' म्हणजे मरणें. तहानेनें जीव जेथें मरतात तो मरु. मग फळ्यावर 'मरु – ओसाड प्रदेश' असें लिहून त्याखालीं दोन रेघा मारीत असें. मुलें तें वहींत उतरून घेत, परीक्षेंत तेंच लिहीत, आणि मी त्यांस पुरे गुण देत असें.

बारसें यथासांग पार पडलें. दुसऱ्या दिवशीं रात्रीं गच्चीवर वारा घेत बसलों असतां जांवईबापू म्हणाले, "नाना, तुम्ही लहानपणच्या माळढोकाची गोष्ट सांगतां ना? तो पक्षी आतां राहिला असेल तर इकडेच. इकडे त्याला गोडावण म्हणतात. पहाटे चालण्याची तयारी असेल तर जाऊं. दिसेलच असें मात्र म्हणत नाहीं."

मी एकदम कांहीं बोललों नाहीं. माझें बालपण सोलापूरच्या उत्तरेस एका लहान गांवीं गेलें. वडील भिक्षुकी करीत. गांवाच्या वेशीबाहेर कुसळी गवताचा विस्तीर्ण माळ होता. १९६७ च्या श्रावणांत, माझें वय तेव्हां दहा, शेजारच्या गांवीं सत्यनारायण सांगावयास वडील निघाले आणि मीहि त्यांचें बोट धरून निघालों. माळाच्या मध्यावर आलों असतां, कोणीं रिकाम्या घागरींत तोंड घालून हुंकार द्यावा, तसा आवाज लांबून आला. वडील थबकले. पुढें दोन शेतांच्या अंतरावर एक थोरला पक्षी उभा होता. जवळजवळ माझ्या छातीइतका उंच. त्यानें गळ्याची पांढरी पिशवी फुगवून पायांपर्यंत लोंबती सोडली होती, शेंपटी पाठीवर उलटी उभारली होती आणि तो स्वतःभोंवतीं सावकाश फिरत होता. वडील हलक्या आवाजांत म्हणाले, "माळढोक. माळाचा धनी तो, आपण वाटसरू." आणि पायवाट सोडून त्यांनीं मला मोठा वळसा घालावयास लावला. सत्यनारायणास उशीर झाला, यजमानांच्या कपाळाला आठ्या पडल्या, एवढें मला स्पष्ट आठवतें. त्यानंतर तो पक्षी मीं कितीएक वेळां पाहिला. मग तो दिसेनासा झाला. केव्हांपासून, हें मला सांगतां येत नाहीं. येणाऱ्या पाहुण्याची तारीख आपल्या ध्यानांत राहते. न येणाऱ्याची कोण ठेवतो? १९७९ सालीं सोलापूर जिल्ह्यांत नान्नज येथें त्याच्यासाठीं अभयारण्य झालें. कागदावर त्याचा विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर होता, त्यांत गांवें, शेतें, रस्ते सारेंच येत होतें. पक्षी मात्र कमी कमीच होत गेला.

"उद्यांच जाऊं," मीं म्हटलें.

पहाटे साडेतीन वाजतां उठून, एका तांब्यांत उरकावयाचें तितकें स्नान उरकून, आम्ही जीपमध्यें बसलों. जैसलमेरच्या पश्चिमेस सम नांवाचें गांव आहे. तेथील वाळूच्या टेकड्यांवर हिंवाळ्यांत प्रवाशांची जत्रा भरते, उंट सजवितात, रात्रीं नाचगाणीं होतात. वैशाखांत तेथें चिटपांखरूं नसतें. तें गांव मागें टाकून राष्ट्रीय मरु उद्यानाच्या कडेला एका ढाणीपाशीं आम्ही उतरलों. ढाणी म्हणजे चार-सहा झोंपड्यांची वस्ती. तेथें आमचा वाटाड्या वाट पाहत उभा होता. पन्नाशीचा, सडपातळ, जन्मभर उंट आणि मेंढ्या वळलेला हा मनुष्य. त्यानें मला कंदिलाच्या उजेडांत नखशिखांत पाहिलें आणि पहिली गोष्ट कोणती केली असेल तर माझ्या डोक्याचें पांढरें उपरणें काढावयास लावलें. पांढरें कापड कोसावरून दिसतें, असें त्याचें म्हणणें. तेव्हां जांवयाचा एक खाकी सदरा डोक्यास गुंडाळून मी निघालों. सौभाग्यवती बरोबर नव्हती हें बरेंच झालें.

कृष्णपक्षांतला चंद्र पश्चिमेकडे रेंगाळत होता. मला सर्वांत आश्चर्य वाटलें तें वाळूचें. आदल्या दिवशीं दुपारीं जिच्यावर पापड भाजून निघाला असता, ती वाळू आतां पायांना गार लागत होती; माठाच्या बुडाला हात लावावा तशी. वाटाड्या म्हणाला, येथील सगळ्यांचा दिवस आतांच असतो. सूर्य उगवण्यापूर्वींचा एक प्रहर आणि नंतरचे दोन-अडीच तास. मग ज्याला बीळ आहे तो बिळांत जातो, ज्याला नाहीं तो झाडाखालीं उभा राहतो. आणि त्या वेळीं तुमच्यासारखे लोक मोटारींतून येतात, आणि येथें कांहींच नाहीं असें म्हणून जातात.

उजाडूं लागलें तशी वाळूवरचीं अक्षरें दिसूं लागलीं. अक्षरेंच म्हणावयाचीं. एका ठिकाणीं बारीक टिंबांच्या दोन समांतर ओळी गेल्या होत्या. तो काळा किडा. दुसरीकडे चिमुकल्या पावलांचा गुंता होता आणि तो एका भोंकापाशीं संपत होता. ते वाळवंटी उंदीर. थोडें पुढें तिरप्या, सुट्या सुट्या रेघा एकीखालीं एक ओढलेल्या; अगदीं बिगारींतल्या मुलानें पाटीवर गिरविल्यासारख्या. मी वाकून पाहूं लागलों तों वाटाड्यानें माझा दंड धरला. तें फुरसें होतें. हा साप अंग तिरपें टाकीत चालतो, म्हणून त्याची रेघ सलग उमटत नाहीं. "ताजी आहे," तो म्हणाला, "कड अजून ढासळलेली नाहीं." कोंकणांतलें फुरसें माझ्या परिचयाचें, परंतु त्याचें हस्ताक्षर मीं प्रथमच पाहिलें. सारा जन्म मीं दुसऱ्यांस वाचावयास शिकविलें. त्या सकाळीं एका निरक्षर माणसापुढें मी बिगारींत बसलों होतों, आणि तो मला एक एक ओळ बोट ठेवून वाचून दाखवीत होता.

एका उंचवट्याआड त्यानें आम्हांस पालथें झोंपावयास सांगितलें. समोर साठ-सत्तर पावलांवर एक बीळ होतें आणि बिळाच्या तोंडाशीं कोल्ह्याचीं तीन पिल्लें खेळत होतीं. एक दुसऱ्याचा कान धरी, तिसरें त्या दोघांवर उडी टाकी. आमच्या ओसरीवर नातवंडें करतात त्याहून यांत कांहींच निराळें नव्हतें. आई बाजूला बसून दुसरीकडे पाहत होती. तिच्या शेंपटीचा शेंडा पांढरा होता. आपल्या माळावरच्या खोकडाचा शेंडा काळा असतो. हा वाळवंटी कोल्हा निराळा. इतक्यांत वारा फिरला असावा. तिनें मान वळविली, कसला तरी अगदीं हलका आवाज केला आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों पिल्लें आंत गेलीं. ती स्वतः मात्र आंत गेली नाहीं. आमच्या डोळ्यांदेखत उलट्या दिशेस दुडकत निघून गेली. बीळ कोठें आहे हें जणूं तिला ठाऊकच नव्हतें!

पावणेसहाच्या सुमारास सूर्यबिंब वर आलें. मीं संवयीप्रमाणें ओंजळींत पाणी घेऊन अर्घ्य दिलें. तीन ओंजळी पाणी वाळूंत पडलें. वाटाड्या कांहीं बोलला नाहीं. पण त्याची दृष्टि त्या ओल्या जागेवर खिळलेली मीं पाहिली आणि मला कसेंसेंच झालें. त्याच्या घरच्या बायकांना पाणी किती लांबून आणावें लागतें, हें मीं विचारलें नव्हतें. पाहतों तों त्या ओलीवर मुंग्यांची रांग लागली होती. जांवईबापू हंसून म्हणाले, "नाना, वांया गेलें नाहीं." तेवढाच मला आधार.

चिंकारे दिसले ते त्यानंतर. चार होते, एक नर, दोन माद्या आणि एक पाडस. वाळूच्याच रंगाचे, त्यामुळें उभे असतां दिसेनात. शेंपट्या हलल्या कीं दिसत. या हरणाच्या मादीसहि शिंगें असतात, पण बारीक. उन्हाळ्यांत दिवसचे दिवस हीं हरणें पाण्यावांचून राहूं शकतात. झुडपांच्या पाल्यांत जो ओलावा असतो त्यावर त्यांचें भागतें, म्हणून तो ओलावा भरलेला असतो तेव्हां, म्हणजे पहाटेंच, चरतात. कालिदासाच्या ऋतुसंहाराचा पहिला सर्ग ग्रीष्माचा आहे. त्यांत तहानेलीं हरणें आहेत आणि उन्हानें कासावीस होऊन मोराच्या पिसाऱ्याखालीं आश्रय घेणारा सापहि आहे. हें सर्व मीं मुलांना रंगवून सांगितलें आहे. परंतु त्या महाकवीनें ग्रीष्माची दुपार वर्णिली, आणि मी दुपारच शिकवीत राहिलों. ग्रीष्माला पहाटहि असते, हें माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

पुढें एक टोबा लागला. टोबा म्हणजे पावसाचें पाणी सांठविण्याची खोदीव तळी. तळाशीं गढूळ पाण्याचें एक डबकें उरलें होतें. वाटाड्यानें आम्हांस लांबच बसविलें. सातच्या सुमारास आकाशांतून गुळण्या केल्यासारखा आवाज येऊं लागला आणि पखुर्ड्यांचे थवेच्या थवे उतरूं लागले. इकडे यांना भटतीतर म्हणतात. पाणी प्यावें आणि उडून जावें, असा त्यांचा क्रम. त्यांत कांहीं नर मात्र पाण्यांत शिरून, पोट बुडवून, अंग हलवीत बसले. त्यांना आंघोळीची हौस आली असें मी समजलों. जांवईबापूंनीं उलगडा केला. पखुर्डीचीं पिल्लें पाण्यापासून कोसच्या कोस लांब, उघड्या जमिनीवर असतात. नराच्या पोटाचीं पिसें स्पंजासारखीं पाणी धरतात. तो तें पाणी घेऊन उडतो आणि पिल्लें त्याच्या पोटाशीं येऊन तीं पिसें चोखतात. मी तें पाहत राहिलों. दुधानें भरलेली आई सर्व कवींनीं वर्णिली आहे. पोटाशीं पाणी भरून नेणारा बाप कोणीं वर्णिला आहे कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. माझ्या वडिलांच्या पंच्याच्या कोपऱ्याला दक्षिणेबरोबर मिळालेला प्रसाद बांधलेला असे. ते घरीं आले कीं आम्ही भावंडें त्या गांठीवर तुटून पडत असूं. त्याची आठवण झाली, एवढें खरें.

ऊन चटकूं लागलें तसा सांडा बाहेर आला. सांड्याचें तेल म्हणून जत्रेंत बाटल्या विकणारे लोक आपल्याकडे पुष्कळांनीं पाहिले असतील. पण तो सांडा कसा असतो हें फारच थोड्यांस ठाऊक. शेंपटीवर कांटेरी वळीं असलेला हा सरड्यासारखा प्राणी मुख्यतः गवत-पाला खाऊन राहतो. म्हणजे मिताहारी आणि बहुतेक शाकाहारी. रात्रीं बिळांत शिरला कीं आंतून मातीचा बूच लावतो. सकाळीं आमच्यासमोर एका बिळाचा तो मातीचा बूच आंतून हलला, फुटला, आणि एक सुरकुतलेलें तोंड बाहेर येऊन बराच वेळ चारी दिशांचा अंदाज घेत राहिलें. आमच्या शाळेंत एक मुख्याध्यापक होते. परीक्षक तपासणीस आले म्हणजे ते आपल्या खोलीच्या दारांतून असेच पाहत. बिचारा सांडा! कोल्हा, साप, ससाणा, सगळ्यांचें तो अन्न आहे. त्यांत माणसानें त्याच्या चरबीचें औषध काढलें.

आठ वाजतां एका खेजडीच्या झाडाखालीं बसून आम्ही दशम्या सोडल्या. खेजडी म्हणजे आपली शमी. आपण दसऱ्यास जिची पूजा करतों, पांडवांनीं जिच्यावर शस्त्रें ठेविलीं, तीच. आमच्या गांवीं मारुतीच्या देवळामागें तिचें एकच झाड होतें आणि आम्हीं त्याला दूर्मिळ म्हणून पार बांधला होता. येथें तिचें राज्य आहे. तिच्या शेंगा माणसें खातात, पाला शेळ्या खातात, आणि जोधपूरजवळ खेजडली गांवीं १७३० सालीं ही झाडें तोडूं न देण्यासाठीं ३६३ बिश्नोई स्त्रीपुरुषांनीं प्राण दिले. शेजारीं करीराचें झुडूप होतें. भर्तृहरीच्या सुभाषितांत ज्याच्या निष्पर्णतेचा बोल वसंतास लावूं नये म्हटलें आहे, तेंच. पानें नव्हतींच, पण फांद्या गुलाबी फळांनीं भरल्या होत्या. पलीकडे पीलूलाहि फळें आलीं होतीं. जन्मभर पाठ केलेले शब्द एकामागून एक समोर उभे राहत होते आणि मला आपलें आपणच ओळख करून देत होते.

तेथें बसल्या बसल्या मला आणखी एका शब्दाची आठवण झाली. आयुर्वेदांत भूमीचे तीन प्रकार सांगितले आहेत: आनूप, जांगल आणि साधारण. पाणथळ ती आनूप. आणि जांगल म्हणजे? आपण 'जंगल' म्हटलें कीं डोळ्यांपुढें घनदाट झाडी आणतों. चरकानें मात्र जांगल देश म्हणजे कोरडा, मोकळा, जेथें भोंवतीं आकाशच फार असा देश सांगितला आहे. तेथील झाडांत शमी गणली आहे. आणि तेथील हवा निरोगी, माणसें काटक, असें म्हटलें आहे. हा उतारा मीं पाठशाळेंत असतांना घोकला होता. त्याचा अर्थ मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, खाकी सदरा डोक्यास गुंडाळून, दशमी खातांना कळला. आपल्या पूर्वजांनीं ज्या भूमीला तिचें स्वतःचें नांव आणि स्वतःचे गुण दिले होते, तिला आपण 'ओसाड' म्हणूं लागलों. सरकारी दप्तरांत ती 'पडीक' झाली.

त्याच वेळीं डाव्या हाताला, दूरवर, झाडांची एक सरळ हिरवी रांग माझ्या नजरेस पडली. एवढ्या रुक्षतेंत ती डोळ्यांना गोड वाटली आणि मी वाटाड्यास म्हणालों, "तेथें कोणीं तरी चांगलें काम केलेलें दिसतें."

तो जरा थांबून म्हणाला, "तीं इस्रायली बाभळीचीं झाडें. पूर्वीं लावलेलीं. तेथें सेवण गवत होतें. आतां गोडावण त्या बाजूला जात नाहीं."

"कां बरें?"

"त्याला लांबचें दिसावें लागतें, गुरुजी. झाडामागें काय आहे तें दिसत नाहीं, झाडावर गिधाड-ससाणा बसतो, झाडाखालीं कुत्रें लपतें. अंडें उघड्यावर. तो कसा जाईल?"

वाचकहो, येथपर्यंत मी पाहुणा होतों. आतां एक गोष्ट सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. १९८५ च्या पावसाळ्यांत मी आमच्याच गांवच्या शाळेंत शिक्षक होतों. गांवचा माळ पडीक आहे, तो हिरवा करावा, असा उपक्रम निघाला. मी त्याचा पुढारी झालों. सव्वाशे मुलांच्या हातीं रोपें देऊन, गाणीं म्हणत, आम्ही त्या माळावर गेलों आणि सुबाभूळ, गिरिपुष्प आणि नीलगिरी ओळीनें लाविलीं. मुलींनीं उन्हाळ्यांत डोक्यावरून कळशा नेऊन तीं जगविलीं. तालुक्याच्या गांवीं माझा सत्कार झाला. नारळ, शाल आणि प्रशस्तिपत्र मिळालें; तें प्रशस्तिपत्र अद्याप आमच्या पुढच्या खोलींत टांगलेलें आहे. ज्या जागीं वडिलांनीं माझें बोट धरून मला वळसा घालावयास लावलें होतें, नेमक्या त्या जागेवरून आमची सुबाभळीची तिसरी कीं चौथी ओळ जाते.

तेवढ्यानेंच माळढोक गेला असें मी म्हणत नाहीं. शिकार होती, नांगराखालीं गेलेले माळ होते, उसाचें पाणी होतें, मोकाट कुत्रीं होतीं. परंतु आमच्या माळापुरता विचार केला तर मला माझा वांटा नाकारतां येत नाहीं. आणि दुःख याचें कीं, तें काम मीं हौसेनें, निःस्वार्थपणें आणि मुलांना पुण्य म्हणून सांगून केलें. त्या मुलांपैकीं कोणाला मी आतां कोठें शोधूं? मी कांहीं बोललों नाहीं. दशमीचा उरलेला तुकडा पुन्हा फडक्यांत बांधून ठेवला.

परततांना वाटाड्यानें अचानक हात वर केला आणि आम्ही जागच्या जागीं बसलों. सेवणाच्या पिवळ्या गवतांत, पाव कोसावर, एक राखी-तपकिरी आकृति उभी होती. दुर्बीण माझ्या हातीं आली, पण हात कांपत असल्यामुळें पहिल्यानें नुसतें आकाशच दिसलें. मग दिसली. मादी होती. डोक्यावर काळी टोपी, लांब राखी मान, आणि राजघराण्यांतल्या वृद्ध स्त्रीनें मान ताठ ठेवून सावकाश चालावें तशी चाल. ती वाकून कांहीं तरी टिपी. टोळ असेल, करीराचें फळ असेल. आणि पुन्हा मान उंच करून चारी बाजूंस पाही. अठ्ठावन्न वर्षांपूर्वींचा तो हुंकार माझ्या कानांत नव्हता. हिच्या तोंडून कसलाच आवाज येत नव्हता. मी किती वेळ पाहिलें कोणास ठाऊक. जांवईबापू मागाहून म्हणाले, दहा मिनिटें.

२०१८ च्या सुमारास सगळ्या देशांत मिळून हे पक्षी दीडशेंच्या आसपास राहिल्याचा अंदाज होता, आणि त्यांतील बहुतेक या जैसलमेरच्या मुलखांत. मादी वर्षाकाठीं बहुधा एकच अंडें घालते, तेंहि उघड्या जमिनीवर. तेव्हां मी पाहत होतों तो नुसता पक्षी नव्हता.

लांबून एका मोटारसायकलचा आवाज आला. तिनें मान खालीं घालून चार-सहा पावलें धांव घेतली आणि मोठे पंख उघडून उठली. जड देह, पुरुषभर, दोन पुरुष, तीन पुरुष उंच. उडत निघाली ती उत्तरेकडे. उत्तरेकडे पवनचक्क्यांची ओळ होती आणि आमच्या व तिच्या मध्यें उंच मनोऱ्यांवरून तारा गेल्या होत्या. या पक्ष्याचे डोळे बाजूंस असतात. खालची जमीन त्याला दिसते, पण समोरची तार वेळेवर दिसत नाहीं, आणि दिसली तरी एवढें वजन ऐनवेळीं वळवितां येत नाहीं. हें मला जांवयांनींच येतांना जीपमध्यें सांगितलें होतें. २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या भागांतील तारा जमिनीखालून न्याव्या असा आदेश दिला होता. २०२४ सालीं तो सरसकट आदेश मागें घेऊन तज्ज्ञांची समिति नेमली, हेंहि त्यांनींच सांगितलें होतें. विजेची गरज आहे, कोळसा जाळावयाचा नाहीं, मग पवनचक्क्या कोठें उभारावयाच्या, असा त्यांचा प्रश्न. आणि तो खोटा नाहीं. आमच्या नातवाचें दूध त्याच तारांवर चालतें.

आतां ते दुर्बीण डोळ्यास लावून उभे होते. पांढरा पडलेला चेहरा मीं बाजूनें पाहिला. तारांना कांहीं अंतरा-अंतरावर गरगर फिरणाऱ्या चकत्या लटकविल्या होत्या. पक्ष्यांस तार कळावी म्हणून. त्यांतल्या दोन मला उन्हांत चकाकतांना दिसल्या. पक्षी तारांच्या उंचीवरच होता. मग कशानें तें सांगतां येत नाहीं, त्या चकत्यांनीं म्हणा, वाऱ्यानें म्हणा, ती थोडी खालीं झाली, अगदीं थोडी, आणि तारांखालून निघून गेली. पलीकडे गवतांत उतरलेली आम्हांला दिसली नाहीं.

वाटाड्यानें जमिनीवरची चिमूटभर माती कपाळाला लावली. जांवईबापूंनीं दुर्बिणीची पेटी दोनदां उघडून दोनदां बंद केली. "त्या ओळीचें काम मींच केलें आहे, नाना," ते म्हणाले, "चकत्या नंतर लागल्या." मीं म्हटलें, "आमच्या माळावर सुबाभूळ मीं लाविली आहे." त्यांना याचा अर्थ कळला नाहीं. जीपमध्यें मीं तो सांगितला. ढाणीपासून जैसलमेरपर्यंत मग आम्ही दोघे फारसें कांहीं बोललों नाहीं.

घरीं पोंचलों तेव्हां दहा वाजून गेले होते आणि अंगण तव्यासारखें तापलें होतें. सौभाग्यवती नातवाला पायांवर घेऊन तेल चोळीत बसली होती. तिनें माझ्या डोक्यावरचा खाकी सदरा पाहिला, कांहीं विचारावयाचें ठरविलेलें दिसलें, पण माझ्या चेहऱ्याकडे पाहून, "अहो, दिसला का तुमचा पक्षी?" एवढेंच विचारलें. मी उत्तर देण्यापूर्वींच जांवईबापू म्हणाले, "दिसली, आई. गेली नीट."

आम्ही सोलापुरास परत आलों तेव्हां आषाढ लागला होता. आमच्या गांवच्या शाळेचें पत्र येऊन पडलें होतें. शाळेचे जुने शिक्षक या नात्यानें वृक्षारोपणाच्या समारंभास मीं प्रमुख पाहुणा म्हणून यावें. माळाचा उरलेला पश्चिमेकडचा भाग यंदा हिरवा करावयाचा आहे. मुलें उत्सुक आहेत, असा मजकूर होता. पत्र फार सुंदर अक्षरांत लिहिलें होतें. मीं दोन रात्रीं त्याचा विचार केला आणि मग उत्तर पाठविलें कीं, मी अवश्य येईन. रोपें शाळेच्या आवारांत आणि रस्त्याच्या कडेनें कडुनिंबाचीं, वडाचीं लावावीं, खड्डे खणावयास मीहि हात लावीन. माळावर मात्र रोपें नेऊं नयेत. त्याऐवजीं मुलांना एके दिवशीं पहाटे पांच वाजतां रिकाम्या हातानें माझ्याबरोबर तेथें पाठवावें, आणि कोणींहि पांढरे कपडे घालूं नयेत.

त्या पत्राचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.